बिकानेरी, जैसलमेरी की कच्छी? उंट पाळू पाहणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

राजस्थानात किंवा कच्छात एखाद्या पशुपालक कुटुंबाच्या भागीदारीत उंट पाळावेत, सफारीसाठी चार-पाच जनावरे घ्यावीत किंवा सांडणीच्या दुधाचा लहानसा व्यवसाय उभारावा, असा विचार करणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो कोणत्या जातीचा उंट घ्यावा हा. बाजारात उभे असलेले एका वशिंडाचे सगळे उंट नवख्या डोळ्याला सारखेच दिसतात, आणि विकणारा प्रत्येक उंटाला उत्तमच म्हणणार. प्रत्यक्षात भारतात या उंटाच्या नऊ जातींची नोंद झालेली आहे. त्यांच्या अंगकाठीत, चालीत, दुधात आणि चरण्याच्या सवयींत मोठा फरक आहे, आणि तो फरक ती जात ज्या जमिनीवर घडली त्या जमिनीने पाडलेला आहे. त्यामुळे आधी उंट पसंत करून मग त्याच्यासाठी जागा व काम शोधणे हा उलटा क्रम झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा आणि काम ठरले की नऊपैकी सहा-सात जाती आपोआप गळून पडतात आणि खरी निवड दोघा-तिघांतच उरते.

एक खुलासा शब्दाचा. मराठीत आपण नर-मादी दोघांनाही सरसकट उंट म्हणून मोकळे होतो. पण जुन्या मराठी पत्रव्यवहारात जागोजागी भेटणारा सांडणीस्वार ज्या जनावरावर बसत असे ती सांडणी, म्हणजे वेगाने चालणारी मादी. राजस्थानातही मादीला सांढ म्हणतात. दुधाचा प्रश्न जेथे आहे तेथे हा भेद महत्त्वाचा असल्यामुळे पुढे मादीसाठी सांडणी हाच शब्द वापरला आहे.

जातीच्या आधी जागेचा आणि कायद्याचा विचार

राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा दिला आणि २०१५ मध्ये उंटाच्या कत्तलीवर बंदी घालणारा व त्याच्या राज्याबाहेरील वाहतुकीचे नियमन करणारा कायदा केला. या कायद्यानुसार शेती, चराई, जत्रा अशा कारणांसाठीसुद्धा उंट राज्याबाहेर न्यायचा तर सक्षम अधिकाऱ्याचा परवाना लागतो. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम मात्र असा झाला की बाहेरचा गिऱ्हाईक पुष्करच्या मेळ्यातून दिसेनासा झाला, नराचा भाव कोसळला आणि ज्या राईका-रबारी या उंटपालक समाजांतील कुटुंबांचा मुख्य रोख पैसा नर विकून येत असे त्यांना कळप सांभाळणे परवडेनासे झाले. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, ते २०१९ मध्ये २.५२ लाखांवर आले. म्हणजे सात वर्षांत ३७ टक्के घट, आणि उरलेल्यांपैकी २.१३ लाख एकट्या राजस्थानात. ही घट केवळ कायद्यामुळे झाली असे मी म्हणणार नाही. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आल्यावर चराऊ जमिनी पिकाखाली गेल्या, ट्रॅक्टर आणि मोटारसायकलने उंटाचे काम हिरावले, ओरण म्हणून राखलेल्या देवराईवजा कुरणांवर सौरप्रकल्प आणि विजेच्या तारा आल्या. हे सगळे एकत्र घडले. तरी खरेदीदाराने एवढे लक्षात ठेवावे की राजस्थानातील स्वस्त उंट पाहून तो महाराष्ट्रात आणण्याचा बेत कागदपत्रांवाचून तडीस जाणारा नाही.

महाराष्ट्रात उंट नाहीतच असे नाही. कच्छचे रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात येतात, आणि कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारून आणणारे उंटही आपण पाहतो. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात कच्छच्या रबारींचे ५८ उंट कत्तलीसाठी नेले जात असल्याच्या संशयावरून अडवून गोशाळेत ठेवण्यात आले होते; मालकांना ते न्यायालयातून परत मिळवावे लागले. उंटाच्या बाबतीत मालकीचा आणि वाहतुकीचा कागद हा लगामाइतकाच आवश्यक आहे, हे त्या प्रकरणावरून कळते.

कायदा बाजूला ठेवला तरी हवामान आडवे येते. उंट उष्णतेला भीत नाही; दमटपणा आणि माश्या त्याला सोसत नाहीत. पावसाळ्यात चावणाऱ्या घोडमाश्यांमार्फत पसरणारा सर्रा हा रक्तातील परजीवीचा रोग उंटाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने तेव्हाच्या पंजाबातील घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात याच रोगाचा परजीवी प्रथम पाहिला. राजस्थानात या रोगाला तिबरसा म्हणतात, कारण तो जनावराला तीन-तीन वर्षे झिजवतो. त्यामुळे कोकणात किंवा घाटमाथ्यावर हौसेने उंट ठेवू पाहणाऱ्याला माझे उत्तर सरळ नकाराचे आहे. यापुढील तुलना उंट त्याच्याच मुलखात पाळला जाणार आहे असे गृहीत धरून केली आहे.

ओढायचे असेल तर एक, बसायचे असेल तर दुसरा

निवडीचा सर्वांत जुना पेच बिकानेरी की जैसलमेरी हा आहे, आणि सुदैवाने तो सर्वांत सोपाही आहे, कारण या दोघांच्या देहातच त्यांची कामे लिहिलेली आहेत.

बिकानेरी उंट भरीव, रुंद छातीचा आणि गडद तपकिरी ते काळपट रंगाचा असतो. त्याच्या कपाळावर, डोळ्यांच्या किंचित वर एक ठळक खळगा असतो, आणि पापण्यांवर, कानांवर व मानेखाली दाट लांब केस असतात. अशा केसाळ उंटाला तिकडे झीपरा म्हणतात. हा खळगा आणि हे केस ही ओळखीची खूण पक्की मानावी. बिकानेरच्या रस्त्यांवर जुन्या विमानांचे टायर बसवलेले सपाट लाकडी गाडे दिसतात, त्यांना जुंपलेला हाच उंट पंधरा-वीस क्विंटल माल सहज ओढतो. वालुकामय शेतात नांगरटीसाठी, विहिरीतून पाणी काढण्यासाठी आणि चाऱ्याचे प्रचंड भारे वाहण्यासाठी त्याला तोड नाही. अंगावर केस भरपूर असल्याने वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाला, कातरणीतून मिळणारे उत्पन्नही इतर जातींपेक्षा जास्त. त्या केसांचे दोर, सतरंज्या आणि गोणपाट विणले जातात. जानेवारीत बिकानेरला भरणाऱ्या उंट महोत्सवात अंगावरचे केस नक्षीदार कातरलेले जे उंट दिसतात, ती कलाही याच केसाळ जातीच्या आधाराने वाढलेली आहे.

जैसलमेरी उंट याच्या नेमका उलट आहे. उंच, सडपातळ, लांब बारीक पायांचा, लहान डोक्याचा, फिकट तपकिरी रंगाचा; कपाळावर खळगा नाही, पापण्यांवर झुलपे नाहीत, कातडी पातळ आणि केस आखूड. जैसलमेर, बाडमेर आणि जोधपूरच्या काही भागांत तो सापडतो. त्यातही जैसलमेर जिल्ह्यातील नाचना गावाच्या परिसरातील उंट चालीसाठी आणि देखणेपणासाठी नावाजलेले आहेत. स्वाराला न हिंदकळवता लांब पल्ला कापणे हे याचे काम. चांगला शिकवलेला उंट एका रात्रीत शंभराहून अधिक किलोमीटर जातो असे त्या भागात सांगतात. सम किंवा खुडीच्या वाळूच्या टेकड्यांवर पर्यटकांना नेण्यासाठी उंट घ्यायचा असेल तर निवड येथेच संपते. सीमा सुरक्षा दलाला गस्तीसाठी आणि सामान वाहण्यासाठी दोन्ही प्रकारचे उंट लागतात, ही गोष्टही या श्रमविभागणीला पुष्टी देणारी आहे.

येथे एक चूक वारंवार होते. सफारीसाठी उंट घेणारा नवखा माणूस बिकानेरीच्या रुबाबावर भुलतो, कारण केसाळ, काळपट, भारदस्त उंट छायाचित्रात उठून दिसतो. तो पर्यटकाला घेऊन चालणार नाही असे नाही, आणि बिकानेर संस्थानाचे गंगा रिसाला हे उंटदळ १९१५ मध्ये सुएझ कालव्यावर लढले, तेव्हा त्या मुलखाच्या उंटाला स्वारी वर्ज्य आहे असे कोण म्हणेल? परंतु दिवसाला पाच-सहा फेऱ्यांचे काम असेल तर जड देहाचा उंट खायला अधिक घेतो आणि लवकर थकतो. याउलट जैसलमेरीला गाड्याला जुंपणे म्हणजे शर्यतीच्या घोड्याला टांग्याला जोडण्यासारखे आहे. गाडा आणि स्वारी दोन्ही एकाच जनावराकडून हवी असेल, तर दोन्हीत मध्यम असा मारवाडी उंट घ्यावा. तो दोन्हींपैकी एकाही कामात पहिला येणार नाही, पण अडणारही नाही.

मालवाहतुकीसाठी आज उंट घेणे शहाणपणाचे आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. डांबरी रस्ता, लांब पल्ला आणि ठरलेली वेळ असेल तर उत्तर नकारार्थी आहे, आणि तेथे ट्रॅक्टरशी स्पर्धा करू नये. भट्टीपासून गावापर्यंत विटा, पाणवठ्यापासून ढाणीपर्यंत, म्हणजे वाडी-वस्तीपर्यंत, पाणी, शेतापासून घरापर्यंत चारा, अशा तुटक, वाळूच्या आणि आठ-दहा किलोमीटरच्या आतल्या कामांत बिकानेरीचा गाडा अजून टिकून आहे.

दुधासाठी : कच्छी आणि मेवाडी

दुधाच्या व्यवसायाने उंटपालनाचे गणित अलीकडे बदलू लागले आहे, म्हणून येथे जरा थांबून पाहणे योग्य ठरेल. २०१६ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांडणीच्या दुधाला मानके ठरवून दिली, आणि २०१९ च्या सुरुवातीला अमूलने कच्छमधून गोळा केलेले हे दूध बाटलीबंद करून बाजारात आणले. त्याआधी मालधारी, म्हणजे तिकडचे पशुपालक, हे दूध घरी पीत, पाहुण्याला देत किंवा चहावाल्याला मिळेल त्या भावाला घालत. राजस्थानातील राईकांमध्ये तर दूध विकणे हे अपत्य विकण्यासारखे मानले जाई, आणि जुन्या माणसांच्या मनातून ही भावना अजून पुरती गेलेली नाही. भागीदार निवडताना ही गोष्ट आधीच बोलून घ्यावी.

कच्छी उंट मध्यम-जड बांध्याचा, मळकट तपकिरी, राठ केसांचा आणि मजबूत पायांचा असतो. कानांवर केस जवळजवळ नसतात. रणाच्या कडेच्या दलदलीतही तो पाय न घसरता चालतो. मेवाडी उंट उदयपूर, राजसमंद, चित्तोडगड, भिलवाडा या अरवलीच्या डोंगराळ पट्ट्यातला आहे. तो कच्छीपेक्षा ठेंगणा आणि आटोपशीर असतो, त्याचे मागचे पाय भरदार असतात आणि रंग फिकट, क्वचित पांढरटही असतो. डोंगर चढण्यात तो इतर जातींच्या पुढे आहे, आणि अरवलीत झाडोरा जास्त असल्याने त्याला चारा मुबलक मिळतो, म्हणून सांडणीही दुधाला चांगली.

मोकळ्या चराईवर या दोन्ही जातींची सांडणी, वासराचा वाटा सोडून, दिवसाला साधारण चार ते सहा लिटर दूध देते असे धरून चालावे. उत्तम खुराकावर आकडा याहून बराच वाढतो, पण व्यवसायाचा हिशोब उत्तम दिवसांवर मांडू नये. पारंपरिक रीत अशी की चार सडांपैकी दोन वासराचे आणि दोन माणसाचे. ही केवळ दयाबुद्धी नाही. वासरू जवळ असल्याशिवाय सांडणी पान्हा सोडत नाही, आणि वासरू मेले तर बहुतेक वेळा दूधही आटते. गाईच्या गोठ्याची सवय असलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला वेळ लागतो. दूध मात्र व्यायल्यावर वर्षभराहूनही अधिक काळ मिळत राहते.

दुधाच्या प्रमाणात फारसा फरक नसेल तर निवड कशावर करायची? माझ्या मते संकलन केंद्रापासूनच्या अंतरावर. कच्छमध्ये सरहद डेअरीचे संकलन आणि शीतकरण उभे आहे, उंटपालकांची स्वतःची संघटना आहे, आणि दूध रोज उचलले जाण्याची खात्री आहे. मेवाड-गोडवाडच्या बाजूला पाली जिल्ह्यातील सादडीजवळ एक छोटी उंट-दुग्धशाळा लोकहित पशुपालक संस्थानाच्या प्रयत्नातून उभी राहिली. ती दूध गोठवून थेट दूरच्या ग्राहकांना पाठवण्याच्या पद्धतीवर चालते. पहिल्या पद्धतीत भाव ठरलेला आणि जोखीम कमी. दुसऱ्या पद्धतीत लिटरमागे किंमत अधिक, पण शीतसाखळी, पॅकिंग आणि ग्राहक शोधणे हे सगळे स्वतःच्या डोक्यावर. ज्याला विक्रीची दगदग नको त्याने कच्छ निवडावे आणि ओघानेच कच्छी सांडणी घ्यावी. विक्री हेच ज्याचे कसब आहे त्याला मेवाडी सांडणी अधिक देईल. मात्र कुंभलगडसारख्या अभयारण्यांत चराईवर आलेले निर्बंध लक्षात घेऊन, आपला भागीदार नेमका कोठे चारतो हे त्याने आधी डोळ्यांनी पाहून यावे.

विक्रीबद्दल आणखी थोडे. या दुधाचे दही नीट लागत नाही आणि लोणी काढणे अवघड जाते, म्हणून दही-तूप या वाटेने नफा काढण्याची कल्पना सोडून द्यावी. त्यात गाईच्या दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन नसते आणि क जीवनसत्त्व अधिक असते, हे खरे. मधुमेहावर बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्रात काही अभ्यास झाले आहेत. त्यावरून कोणी इन्सुलिनला पर्याय म्हणून हे दूध विकत असेल, तर त्या विक्रेत्यापासून आणि आपण स्वतः तसे करण्याच्या मोहापासून दूर राहावे.

खाराई, आणि उरलेले

खाराई उंटाची तुलना खरे तर कोणाशीच होत नाही. २०१५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेलेला हा उंट कच्छच्या खाडीत पोहत बेटांवर जातो आणि कोकणात आपण ज्याला तिवर म्हणतो, तिकडे चेर म्हणतात, त्या खारफुटीचा पाला खातो. दोन-तीन किलोमीटर खारे पाणी पोहून जाणारा वाळवंटी प्राणी ही ऐकीव गंमत वाटते, पण लखपत, अबडासा, मुंद्रा या तालुक्यांच्या किनाऱ्यावर ते नित्याचे दृश्य आहे. फकिराणी जत आणि रबारी हे त्याचे सांभाळकर्ते. मिठागरांचे बांध आणि बंदरांची बांधकामे यांनी भरतीचे पाणी जेथे अडले तेथे तिवर वाळले आणि खाराईचे कळपही हटले. किनाऱ्यापासून दूर नेऊन कोरड्या चाऱ्यावर ठेवण्यासाठी हा उंट विकत घेऊ नये. ज्या कारणाने तो वेगळा आहे तेच कारण तेथे उरत नाही. संवर्धनात हातभार लावायचा असेल तर जनावर खरेदी करण्याऐवजी त्याच्या पालकांचे दूध नियमित विकत घेणे अधिक उपयोगाचे आहे.

जालोरी, मेवाती आणि माळवी या जाती आपापल्या भागात, म्हणजे अनुक्रमे जालोर-सिरोही, अलवर-मेवात आणि मंदसौरच्या आसपास, ठीक आहेत. तेथे राहणाऱ्याने त्याच घ्याव्यात, दूरच्या माणसाने त्यांच्यासाठी आडवाट करण्याचे कारण नाही. लडाखच्या नुब्रा खोऱ्यातील दोन वशिंडांचा उंट ही वेगळी प्रजाती असून तो थंड वाळवंटाचा आहे. उष्ण प्रदेशात त्याचा विचारच करू नये.

नर घ्यावा की सांडणी, आणि कोणत्या वयाची

जात ठरल्यावर हा निर्णय उरतो, आणि पैशाच्या दृष्टीने तो जातीइतकाच जड आहे. सांडणीचा गाभणकाळ सुमारे तेरा महिन्यांचा असतो, पहिले वासरू तिच्या चौथ्या-पाचव्या वर्षी होते आणि पुढे साधारण दोन वर्षांनी एक. म्हणजे आज घेतलेली दोन वर्षांची सांडणी दूध देऊ लागेपर्यंत तीन वर्षे नुसती पोसावी लागेल. दुधासाठी घेणाऱ्याने म्हणूनच दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, वासरासह उभी असलेली सांडणीच घ्यावी, महाग पडली तरी. राजस्थानात वासराच्या जन्मानंतर पालकाला हप्त्यांनी अनुदान देणारी सरकारी योजना आहे. तिचा आधार जरूर घ्यावा, पण हिशोब तिच्यावर उभारू नये.

गाड्यासाठी आणि सफारीसाठी नर घेतात, तो पाच-सहा वर्षांचा आणि शिकवलेला असावा. वय दातांवरून कळते : पाचव्या वर्षाच्या सुमारास पुढच्या कायमच्या दातांची पहिली जोडी येते, त्यानंतर वर्षा-वर्षाच्या अंतराने पुढच्या जोड्या, आणि सातव्या वर्षाच्या आसपास सुळे. थंडीच्या महिन्यांत नर माजावर येतो. तोंडातून फेस गळतो, टाळूचा लाल पडदा फुग्यासारखा बाहेर येतो, मानेमागच्या ग्रंथीतून काळा स्राव वाहतो आणि एरवी गरीब असलेला उंट चावायला धावतो. नेमका तोच पर्यटनाचा हंगाम असतो. त्यामुळे सफारीसाठी घेणाऱ्याने माजाच्या काळात तो उंट माणसाला हाताळू देतो की नाही हे त्याच काळात पाहून घ्यावे; उन्हाळ्यात केलेली परीक्षा येथे कामाची नाही.

उंट बसवून आणि उठवून पाहावा. छातीखालच्या कडक गादीवर भेग किंवा ओली जखम असेल, चालताना पुढच्या पायाचे कोपर त्या गादीला घासत असेल, तर तो उंट ओझ्याला निकामी समजावा. वेसणीच्या छिद्राभोवती सूज, मांड्यांच्या आत खरजेचे चट्टे आणि खुजे, ढिले पडलेले वशिंड ही आणखी वाईट लक्षणे. वशिंडात पाणी नसते, चरबी असते. ते उतरलेले असेल तर जनावर एक तर उपाशी आहे किंवा तिबरशाने आतून पोखरलेले आहे, आणि यांतले काय ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

खर्चाच्या बाजूला दोन बाबी नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटतात. एक मीठ : उंटाला इतर गुरांपेक्षा कितीतरी अधिक मीठ लागते, आणि खेजडी (शमी) आणि बोरीच्या पाल्यावर वाढणाऱ्या जनावराला ते रोज मूठभर वेगळे द्यावे लागते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. कोंबड्यांच्या आणि काही वेळा गुरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही औषधे मिसळलेली असतात. ती उंटाला थोड्या मात्रेतही मारक ठरतात. गवार, मोठ (मटकी) किंवा हरभऱ्याचा भुसा आणि झाडपाला एवढ्यावर उंटाचे भागते. गोठ्यात उरलेली पेंड वाया जाऊ नये म्हणून ती त्याच्यापुढे टाकू नये.

खरेदीसाठी पुष्करचा कार्तिकातील मेळा सर्वांना ठाऊक आहे, पण तेथे आता पाहुणे जास्त आणि उंट कमी. नागौरचा माघातील आणि लुणी नदीच्या पात्रातील तिलवाड्याचा चैत्रातील मल्लीनाथ मेळा पशुपालकांच्या अधिक जवळचे आहेत. तिलवाड्याच्या सुमारास माज ओसरलेला असतो, म्हणून दूध आणि गाडा यांसाठी तो बरा. सफारीचा नर पाहायचा तर नागौर गाठावे आणि उंट माजावर असतानाच त्याच्या पाठीवर बसून यावे.